काळ्या सभागृहातला वाद्यवृंद

फ्रान्समधल्या लिऑन शहरात, नगरपालिकेच्या इमारतीमागे ऑपेरा हाउस उभं आहे. 1831 च्या या वास्तूच्या दर्शनी भागात कमानींवर आठ कलादेवता उभ्या आहेत. ग्रीक पुराणांत त्या नऊ. खगोलविद्येची युरेनिया इथे गाळलीय! त्यांच्याही डोक्यावर काचेचं भलंमोठं कमानदार छत. नूतनीकरण करताना वास्तुकार जाँ नूव्हेल यांनी बाहेरच्या भिंती आणि जुनं फॉयर तेवढं ठेवलं, बाकी सारं नव्याने बांधलं, जमिनीखाली पाच मजले खणले. 1993 मध्ये खुलं झालेलं सभागृह चक्क काळं आहे. मखमल आणि सोनेरी नक्षी शोधणारा रसिक दचकतोच.

वाद्यवृंद मात्र वास्तूच्या मानाने तरुण. पूर्वी शहराचा एकच वाद्यवृंद मैफलीही करायचा आणि ऑपेरालाही साथ द्यायचा. 1983 मध्ये ऑपेराचा स्वतंत्र वाद्यवृंद झाला आणि सूत्रं आली जॉन इलियट गार्डिनर यांच्याकडे. फ्रेंचांना फ्रेंच संगीत ऐकवायला इंग्रज! पण शाब्रिए, मेसाजे यांच्या मागे पडलेल्या रचना त्यांनीच ध्वनिमुद्रित करून पुढे आणल्या.

त्यांच्यानंतर आलेले जपानी वंशाचे अमेरिकन केंट नागानो 1998 पर्यंत राहिले. माझ्या मते हाच इथला बहराचा काळ. फ्लॉइडचा ‘सुझॅना’ आणि बुसोनीचा ‘डॉक्टर फाउस्ट’ या दोन्ही ध्वनिमुद्रणांना ग्रॅमी मिळालं. मार्च 1998 मध्ये संगीतकार पीटर एत्वश यांचा, चेखॉव्हच्या नाटकावरचा ‘तीन बहिणी’ पहिल्यांदा इथेच रंगमंचावर आला. त्यात एक वाद्यमेळ रंगमंचापुढच्या पिटमध्ये, दुसरा रंगमंचामागे. पुढच्या मेळातली वाद्यं एकेका पात्राशी जोडलेली. पुढे नागानो, मागे खुद्द एत्वश. दोघांचा ताल जरा चुकला तर सगळंच कोसळणार, असा हा मामला!

पुढे लुई लाँग्रे, इव्हान फिशर येऊन गेले. 2008 ते 2017 काझुशी ओनो होते, मग इटलीचे दानिएले रुस्तिओनी आले. पॅरिसइतका दबदबा नसूनही 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑपेरा पुरस्कारांत लिऑन वर्षातली सर्वोत्तम ऑपेरा संस्था ठरली. नाव झालेला संचालक आणण्यापेक्षा नाव होऊ घातलेला हेरायचा, हे या घराला छान जमतं.

इथे जाणं झालं, तर व्हर्दीच्या तिकिटासाठी अडून बसू नका. कधी न ऐकलेल्या नावाचा ऑपेरा निवडा. हा वाद्यवृंद नावारूपाला आला तो अशाच कामांवर.