वादळापासून बागांचे रक्षण

दिनांक ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन परिसरात 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यास धडकले आणि पोफळी, माड व आंब्याच्या अनेक वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. पुढील वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. भात बुडाले तर पुढील हंगामी पुन्हा पेरता येते. परंतु पोफळ वा माड नव्याने लावल्यास उत्पन्नासाठी पाच-सात वर्षे थांबावे लागते. म्हणून वादळाची तयारी आधीच करणे हिताचे होय.

झाडे का उन्मळतात?

पावसाने भिजलेली जमीन मुळांना घट्ट धरीत नाही. जांभ्या कातळावर मुळे खोल जात नाहीत. दाट पर्णभार शिडाप्रमाणे वारा अडवितो व सर्व ताण बुंध्यावर येतो. पिशवीत गुंडाळी झालेल्या मुळांसह लावलेले कलमही असेच दगा देते. याकरिता शक्य तेथे जागेवरच रोप वाढवून त्यावर कलम बांधावे. त्यामुळे सोटमूळ अखंड राहून खोल उतरते.

पूर्वतयारी

बागेच्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूस सुरूसारख्या झाडांच्या दोन-तीन ओळी, एकीतील झाड दुसरीतील मोकळ्या जागेसमोर येईल अशा लावाव्यात. हा आडोसा भिंतीसारखा बंदिस्त नसावा. बंदिस्त आडोशावरून आलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा आदळतो. विरळ आडोशातून तो गाळून जातो व मंदावतो. आडोशाच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत त्याचा उपयोग होतो. म्हणजे १० मीटर उंचीची सुरू सुमारे १०० मीटर बाग राखते.

आंब्याची फळे उतरल्यानंतर वाळलेल्या व दाटी करणाऱ्या फांद्या काढून मध्यभाग मोकळा करावा. जाड फांदी तोडताना प्रथम खालून अर्धवट काप द्यावा, म्हणजे साल सोलली जात नाही. कापावर बोर्डो मलम लावावे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी. वादळाची सूचना मिळताच माडावरील तयार नारळ व सुकी झावळे उतरवावीत. वादळाचे केंद्र सरकते तसा वारा दिशा बदलतो. म्हणून कोवळ्या कलमांना एकाच बाजूने नव्हे, तर तिन्ही बाजूंनी आधार द्यावा. दोरीखाली गोणपाट ठेवावे.

वादळानंतर

झाडे तोडण्याची घाई करू नये. प्रथम पंचनामा व छायाचित्रे करून घ्यावीत. मुळे उघडी पडली असल्यास ती ओल्या गोणपाटाने झाकावीत. लहान झाडाची तुटलेली मुळे नीट कापावीत, पर्णभार कमी करावा, खड्डा मोठा करून झाड हळूहळू उभे करावे व माती दाबून आधार द्यावा. मोठा आंबा ओढून उभा करू नये. त्याची मुळे जमिनीत शिल्लक असतील तर उघड्या मुळांवर माती चढवावी. फुटवे कलमाच्या जोडाच्या वरचेच राखावेत. खालचे फुटवे खुंटाचे असतात. माडाचा व पोफळीचा शेंड्यातील कोंब मोडला असेल तर मात्र झाड वाचत नाही. तेथे नवे रोप लावावे. उघड्या बुंध्यावर चुन्याचा हात द्यावा. पडलेली लाकडे बागेत राहू देऊ नयेत. त्यांतून खोडकिडा उभ्या झाडांकडे वळतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत बागाईतदारांपुढे मांडावी व आडोशाची रोपे एकत्रितपणे मागवावीत. एका वाडीचा आडोसा शेजारच्या वाडीसही उपयोगी पडतो; त्यामुळे हे काम गावाने मिळून करणे अधिक लाभाचे आहे.