कासवाचे अंडे उचलताना

चिखलोलीत सध्या जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत आहेत, त्यामुळे वाळूच्या ढिगांना तोटा नाही. अशाच एका ढिगावर, मालकाची परवानगी घेऊन, आम्ही काही शिक्षकांनी नववीच्या मुलांबरोबर एक प्रात्यक्षिक केले. साहित्य म्हणजे चाळीस कागदी लिंबे, एक बादली आणि बॉलपेन. लिंबे ही समुद्री कासवाची अंडी समजायची. आकार जवळपास तोच असतो. ती वाळूत पुरली. मग वाळू अलगद बाजूला करून प्रत्येक लिंबाच्या वरच्या अंगाला ठिपका द्यायचा आणि ठिपका वरच ठेवून ते बादलीतून दुसऱ्या खड्ड्यात न्यायचे. शेवटी तो खड्डा उकरला, तेव्हा अकरा ठिपके आडवे किंवा खाली गेलेले दिसले.

एका मुलीने लगेच विचारले, "कोंबडी तर अंडी रोज फिरवते. मग कासवाचे अंडे फिरले तर काय बिघडते?"

प्रश्न रास्त आहे. कोंबडीचे अंडे बशीत फोडले, की पिवळ्या बलकाच्या दोन बाजूंना पांढरे पीळदार दोरे दिसतात. या दोऱ्यांमुळे बलक अंड्याच्या मध्यावर तोलून राहतो. कासवाच्या अंड्यात असे दोरे नसतात. मादीच्या पोटात असताना गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडे बाहेर पडले, की ती पुन्हा सुरू होते आणि काही तासांतच गर्भ कवचाला आतून, वरच्या अंगाला चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटले, की नाजूक पडदे फाटतात आणि गर्भ मरतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. चूक कळते ती दीड-दोन महिन्यांनी, पिल्लू बाहेर येत नाही तेव्हा.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी हेच काम खऱ्या अंड्यांवर होते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे वन खात्याच्या साथीने ते कोकण किनाऱ्यावर इतरत्रही पसरले. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायदा काही पहाटे किनाऱ्यावर फिरत नाही. फिरतात ती गावातलीच माणसे. वाळूवरची पावले ओळखणे, काठी हलकेच दाबून पोकळ जागा हाताला जाणवणे, ही विद्या किनाऱ्यावर पूर्वीपासून होतीच. तिचा उपयोग अंडी खाण्या-विकण्यासाठी व्हायचा, एवढेच. नव्याने शिकायचे होते ते पुढचे.

एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती लवकरात लवकर कुंपणाच्या आत हलवायची, म्हणजे कुत्री-कोल्ह्यांपासून वाचतात. नवा खड्डा मूळ खड्ड्यासारखाच हवा, तोंड अरुंद आणि पोट रुंद, सुमारे दीड फूट खोल. ही खोली अंदाजपंचे घेऊन चालत नाही. कासवात नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९-३० अंश सेल्सियसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. खड्डा उथळ झाला तर अंडी फुटतील, पिल्लेही निघतील, पण बहुतेक एकाच लिंगाची. पिल्ले निघण्याच्या सुमारास घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि ती वेळोवेळी उचलून पाहतात. पिल्लांना हातांनी पाण्यात न सोडता वाळूवर ठेवून त्यांचे त्यांना चालू देतात.

इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर जेराल्ड डरेल यांनी १९६३ मध्ये स्थापलेल्या न्यासाने देशोदेशींच्या कार्यकर्त्यांना अशाच कामांचे, प्रत्यक्ष प्राणी हाताळण्याचे शिक्षण दिले. प्राणिशास्त्राची पदवी असली म्हणून मनगट स्थिर राहतेच असे नाही. हे आम्ही स्वतःवरून सांगतो, कारण त्या अकरांपैकी चार लिंबे शिक्षकांच्या हातची होती.

दुसऱ्या खेपेस मुलांनी बादलीच्या तळाशी ओलसर वाळू घातली, बादलीत हात घालायला एकालाच नेमले आणि घाई केली नाही. या वेळी तीन चुकली. तिन्ही सर्वांत खालच्या थरातली होती.