वळविलेली पाटी



ताडोब्याच्या रस्त्यावरील मोहर्लीची पाटी कोणी रातोरात दुसऱ्या दिशेला फिरवून ठेवली, तर गाडी उत्तम आणि चालक हुशार असूनही उतारू भलत्याच ठिकाणी पोहोचतील. संगणकावरील ब्राउझरच्या बाबतीत हल्ली हेच घडते. आपण 'सातबारा' असे लिहून शोध घेतो. उत्तर मात्र नेहमीच्या गूगलऐवजी कुठल्याशा अनोळखी पानावरून येते, आणि जाहिरातींच्या गर्दीत खरे सरकारी संकेतस्थळ हरवून जाते.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही नुसती गैरसोय नव्हे. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हा जातीचा वा उत्पन्नाचा दाखला काढायचा तर आधार 'आपले सरकार सेवा केंद्रा'तील संगणकाचा. त्या एका संगणकाची पाटी फिरली, की ज्याने त्याला हातही लावला नाही अशा माणसाचा आधार क्रमांक आणि फीचे पैसे परक्याच्या हाती पडण्याचा धोका उत्पन्न होतो.

ही पाटी फिरवतो कोण आणि कशासाठी? उत्तर सरळ आहे : पैशासाठी. आपला शोध ज्या पानावरून जातो त्या पानाच्या मालकाला जाहिरातींचे उत्पन्न मिळते. २०१७ साली 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाचे असे एक प्रकरण उघडकीस आणले. जगातील पंचवीस कोटी आणि भारतातील अडीच कोटी संगणकांना त्याची लागण झाली, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला ठरविला. पण असा व्यवहार चालतो, याविषयी वाद नव्हता. पाहुणा दार फोडून येत नाही. फुकटचा एखादा प्रोग्रॅम उतरवून घेताना आपण न वाचता 'पुढे, पुढे' करीत जातो आणि आधीच खूण केलेल्या चौकटीतून आपणच त्याला घरात घेतो.

आता दुरुस्ती. बहुतेक लोक सेटिंगमध्ये जाऊन गूगल पुन्हा निवडतात आणि दुसऱ्या दिवशी तेच रडगाणे सुरू होते. कारण उघड आहे. पाटी सरळ केली, पण ती फिरवणारा घरातच बसला आहे. म्हणून येथे क्रमाला महत्त्व आहे.

प्रथम विंडोजमधील प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणे लावावी आणि बिघाड सुरू झाला त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम काढून टाकावा. दुसरे, ब्राउझरमधील एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडलेली उपकरणे, एकेक तपासून नको ती काढावीत. तिसरे, संगणकाच्या पडद्यावरील ब्राउझरच्या चिन्हाचे 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथे 'टार्गेट'च्या ओळीत शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला आढळला, तर तेवढाच पुसावा. यानंतरच शोधाचे आणि सुरुवातीच्या पानाचे सेटिंग बदलावे. एवढ्याने भागले नाही तर क्रोममध्ये 'रीसेट सेटिंग्ज'ची सोय आहे. तिने एक्स्टेन्शन बंद पडतात. साठवलेले पत्ते आणि पासवर्ड मात्र राहतात. शेवटी विंडोजच्या डिफेंडरकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी.

कोणी विचारील, एवढे करूनही बिघाड परत आला तर? दोन ठिकाणी पाहावे. एकच खाते दोन संगणकांवर चालत असेल, तर 'सिंक'च्या वाटेने दुसरीकडचे एक्स्टेन्शन येथे येते. तेव्हा दोन्ही स्वच्छ केली पाहिजेत. आणि घरच्या संगणकावर 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे' अशा अर्थाची सूचना दिसली, तर कोणी वरून नियम लादला आहे असे समजून जाणकाराकडे जावे. कार्यालयातील संगणकावर मात्र ही सूचना रास्त असू शकते. मधल्या काळात बँकेचा व्यवहार झाला असेल, तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

परंतु खरा उपाय सवयीचा आहे. नेहमीच्या सरकारी कामाचा पत्ता दर वेळी शोधू नये. एकदा खात्री करून तो ब्राउझरमध्ये जपून ठेवावा. पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे पाहावे. ही अक्षरे मध्येच कोठेतरी असून शेवट वेगळा असेल, तर तो पत्ता सरकारी नव्हे. केंद्र चालविणाऱ्या तरुणांनी ही सवय स्वतः लावून घ्यावीच. पण पडदा अर्जदाराकडे वळवून त्यालाही ती अक्षरे दाखवावीत. ज्याचा कागद आहे त्याला, तो कोठे जातो हे कळण्याचा अधिकार आहे.