बोगद्यातला दणका आणि गाडीचं नाक

जपानच्या शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेचा सान्यो मार्ग १९७५ मध्ये ओकायामाच्या पुढे हाकातापर्यंत वाढला आणि एक वेगळीच डोकेदुखी सुरू झाली. गाडी बोगद्याच्या एका तोंडातून आत शिरायची आणि ती पलीकडे पोचण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या तोंडाशी जोराचा दणका व्हायचा. आसपासच्या घरांची तावदानं थरथरायची.

बोगद्यात शिरणारी गाडी म्हणजे सायकलच्या पंपातला दट्ट्याच. समोरच्या हवेला बाजूला सरायला पुरेशी जागा नसते, म्हणून ती दाबली जाते आणि तो दाब लाट होऊन ध्वनीच्या वेगानं गाडीच्या पुढे धावत सुटतो. लाटेच्या मागच्या भागातली हवा आधीच दाबली गेलेली, म्हणून किंचित गरम असते. त्यामुळे तो भाग जरा जास्त वेगानं जातो आणि पुढच्या भागाला गाठू लागतो. बोगदा लांब असला की लाटेचा चढ असा उभा होत जातो. रुळांखाली खडी असेल तर तिच्या फटींमध्ये लाटेचा जोर थोडा जिरतो, पण या नव्या मार्गावर बऱ्याच ठिकाणी खडीऐवजी काँक्रीटचे स्लॅब होते. चढ जितका उभा, तितका बाहेरचा दणका मोठा. शिवाय गाडी शिरताना तयार होणाऱ्या लाटेचा चढ साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २०० किलोमीटरवरून ३०० वर गेलं की तो सुमारे ३.४ पट होतो.

बोगद्यांच्या तोंडापुढे झरोके असलेल्या कमानी बांधून काही प्रमाणात काम भागलं. वेग आणखी वाढवायचा तर गाडीचं नाकच बदलायला हवं होतं. १९९७ मध्ये आलेल्या ५०० मालिकेच्या गाडीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. तिच्यावर काम करणारे अभियंते एइजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते आणि पाण्यात अलगद सूर मारणाऱ्या खंड्याच्या चोचीवरून त्यांना १५ मीटर लांब नाक सुचलं. गोष्ट सुंदर आहे आणि गाडीही देखणी होती. पण त्या लांब नाकानं पहिल्या डब्यातली जागा खाल्ली. पुढच्या बाजूचं दार गेलं, आसनं कमी झाली. तोक्यो ते शिन-ओसाका या मार्गावर दर काही मिनिटांनी गाडी सुटते. ऐन वेळी एका गाडीच्या जागी दुसरी लावायची तर प्रत्येक डब्यात तेवढीच आसनं हवीत. या मांडणीत ५०० मालिका कधीच नीट बसली नाही आणि २०१० मध्ये ‘नोझोमी’ या जलद सेवेतून ती निघाली.

मला त्यानंतरची, २००७ मध्ये धावू लागलेली एन-७०० ही गाडी अभियांत्रिकीच्या दृष्टीनं जास्त मोलाची वाटते. तिच्या अभियंत्यांसमोरच्या अटी पाहा. १६ डब्यांत आसनं १,३२३ च हवीत. पहिल्या डब्यात दार हवं आणि ६५ माणसं बसायला हवीत. चालकाला ताठ बसून समोरचं नीट दिसायला हवं. परतीच्या प्रवासात हेच नाक शेपूट होतं, तेव्हा शेवटचा डबा बोगद्यात हेलकावे खाता कामा नये. आणि हे सगळं पाळून दणका कमीत कमी हवा.

नाकाच्या टोकापासून मागे येताना गाडीच्या काटछेदाचं क्षेत्रफळ किती झपाट्यानं वाढतं, यावर लाटेचा चढ ठरतो. क्षेत्रफळ हळूहळू वाढलेलं बरं. पण चालकाच्या खोलीशी मध्यभागी फुगवटा येणारच. मग तिथे दोन्ही अंगांनी आकार कापावा लागतो. कुठे किती कापायचं, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. इथे अभियंत्यांनी जेनेटिक अल्गोरिदम वापरला. नाकाचा आकार आकड्यांच्या यादीत लिहायचा, अशा अनेक याद्या तयार करायच्या, संगणकावर प्रत्येक नाक बोगद्यात शिरवून पाहायचं. चांगल्या ठरलेल्या याद्यांचे तुकडे एकमेकींत मिसळायचे, अधूनमधून एखादा आकडा मुद्दाम बदलायचा आणि नव्या पिढीची पुन्हा परीक्षा घ्यायची. यातून निघालेलं नाक १०.७ मीटरचं आहे. समोरून पाहिलं तर मधला फुगवटा आणि दोन्ही बाजूंची खोलगट वळणं मिळून पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा आकार दिसतो.

या पद्धतीचं एक मूळ १९६० च्या दशकातल्या बर्लिनमध्ये आहे. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेचेनबर्ग यांनी वातबोगद्यात सहा पट्ट्यांची, पाच बिजागऱ्यांची एक फळी बसवली. प्रत्येक बिजागरीला ५१ स्थिती होत्या, म्हणजे एकूण आकार ३४ कोटी ५० लाखांच्या वर. एका मोजणीला एक मिनिट धरलं तरी साऱ्यांना साडेसहाशे वर्षं लागली असती. रेचेनबर्ग यांनी नागमोडी दुमडलेल्या फळीपासून सुरुवात केली. बिजागऱ्या यादृच्छिकपणे थोड्या हलवायच्या, हवेचा अडथळा कमी झाला तर बदल ठेवायचा, नाहीतर मागे फिरायचं. काही शे पायऱ्यांत फळी जवळजवळ सपाट झाली. सगळ्यात कमी अडथळा सपाट फळीलाच असतो, हे आधीच माहीत होतं. म्हणून तर ती परीक्षा खरी होती.

उद्दिष्टं अनेक आणि परस्परविरोधी असली की एकच ‘सर्वोत्तम’ उत्तर बहुधा नसतं. दणका आणखी कमी करायचा तर आसनं सोडावी लागतात. डिझेल इंजिनात नायट्रोजनची ऑक्साइडं घटवायला गेलं की बहुधा काजळी वाढते. अशा वेळी तडजोडींची पूर्ण रांग समोर मांडणारी एनएसजीए-२ ही पद्धत आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज जगभरचे अभियंते वापरतात. रांगेतलं कोणतं उत्तर घ्यायचं, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

जपानच्या पूर्वेकडच्या ई-५ गाडीनं वेगळी निवड केली. ताशी ३२० किलोमीटर वेगासाठी तिनं १५ मीटरचं नाक घेतलं आणि पहिल्या डब्यात तिसापेक्षाही कमी आसनं ठेवली.

आता हा हिशेब आपल्याकडेही येतो आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली आहेत. एकाच नळीत दोन्ही रूळ, रुळांखाली खडीविना स्लॅब आणि मार्गावरचा नियोजित वेग ताशी ३२० किलोमीटर. लांबी आणि स्लॅब, लाटेचा चढ वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे हजर आहेत. बोगद्यात गाडी किती वेगानं न्यायची, तोंडाशी काय बांधायचं आणि पहिल्या डब्यात किती जण बसवायचे, या तिन्ही प्रश्नांचं गणित एकत्रच मांडावं लागणार.