‘स्टर’मागच्या कसबी बायका

वेबस्टर म्हटलं की आपल्याला जाडजूड शब्दकोश आठवतो. १८२८ साली नोआ वेबस्टर यांनी तो अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यांच्या आडनावाचा मूळ अर्थ मात्र ‘विणणारी’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘एस्त्रे’ हा प्रत्यय लागला की ते काम करणाऱ्या बाईचं नाव तयार होई. तोच झिजून ‘स्टर’ झाला. पाव भाजणारी ती बॅक्स्टर, लोकर विंचरणारी केम्पस्टर, पिंपातून दारू काढून देणारी टॅपस्टर. मराठीत सुतारीण म्हणजे बहुधा सुताराची बायको. रंधा तिच्या हाती असेलच असं नाही. इंग्रजीतली ही बाई स्वतः कसबी होती, म्हणून मला हे शब्द मोलाचे वाटतात.

त्यातली ब्रूस्टर पाहा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल ही साधी बिअर गावोगावी बायकाच करत. मोड आणलेले जव, पाणी, यीस्ट, बस्स. ती लवकर आंबे, म्हणून वरचेवर थोडीथोडी करायची आणि घरची गरज भागल्यावर उरलेली शेजारीपाजारी विकायची. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून आलेली, हॉप्स ही कडवट फुलं घातलेली बिअर तिथं रुजली. हॉप्समुळे ती टिके, लांबवर पाठवता येई. मग मोठी भांडी आली, भांडवल आलं, कर्ज आलं. आणि ते बायकांना सहजी मिळत नसे. धंदा पुरुषांच्या हाती गेला. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या पुस्तकात ही हकिगत तपशिलानं मांडली आहे. दारूचे परवाने देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांच्या वार्षिक बैठकीला मात्र विसाव्या शतकातही ‘ब्रूस्टर सेशन्स’च म्हणत.

प्रत्ययातली बाईही हळूहळू पुसली गेली. उत्तरेत तर पुरुषालाही बॅक्स्टर म्हणू लागले. शिवणाऱ्या बाईसाठी ‘सीमस्टर’ पुरेना, तेव्हा त्यावर फ्रेंचमधून आलेला ‘एस’ चढवून ‘सीमस्ट्रेस’ केलं. एकाच शब्दात दोनदा स्त्रीलिंग! ‘यंगस्टर’, ‘गँगस्टर’ हे पुष्कळ नंतरचे.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो स्पिन्स्टरवर. ही सूत कातणारी. सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदांत हा शब्द अविवाहित बाईच्या नावापुढे रूढ झाला आणि तिच्या कामाऐवजी तिचं लग्न न होणं सांगू लागला. पुढे तो हिणवायलाही वापरला गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या विवाहनोंदणीतून तो निघाला २००५ साली. त्या जागी स्त्री-पुरुष दोघांसाठी ‘सिंगल’ आलं.