सव्वाआठ मिनिटांचा एक किलोमीटर: कॉम्रेड्सच्या तयारीत शरीर आणि मन नेमकं कुठे अडतं?

ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय.

आज विषय कॉम्रेड्स मॅरेथॉनच्या तयारीचा. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये ही शर्यत होते. नावात मॅरेथॉन असलं तरी अंतर दुपटीहून जास्त आहे, मार्गानुसार साधारण ८६ ते ९० किलोमीटर. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने १९२१ मध्ये ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ जण पोचले. आज हजारो लोक धावतात आणि त्यात मुंबई, पुणे, नाशिक, साताऱ्याकडची मंडळी दरवर्षी असतात. म्हणून उदाहरणाला हीच शर्यत घेतली. पण यातलं बरंचसं ५० किलोमीटरच्या कुठल्याही शर्यतीला लागू पडेल, आणि पहिल्यांदा फुल मॅरेथॉन करणाऱ्यालाही.

आधी एक साधा हिशोब. कॉम्रेड्सला वेळ मिळतो १२ तास. १२ तास पूर्ण होताच एक पदाधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ अशासाठी, की दोन पावलांवर कोण आहे हे बघून हात थांबू नये. एका सेकंदाने उशीर झाला तरी मेडल नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण ८७ किलोमीटरला १२ तासांनी भागा. एका किलोमीटरला साधारण सव्वाआठ मिनिटं येतात. आपल्याकडच्या कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये या वेगाला कोणी धावणं म्हणणार नाही, 'जॉगिंग चाललंय' म्हणतील.

म्हणजे वेगाचा प्रश्नच नाही. जी मंडळी पात्रतेसाठी ४२ किलोमीटर ठरलेल्या वेळेत पळून आलेली असतात, त्यांच्याकडे हा वेग भरपूर असतो. तरीही लोक अडतात. कुणी शर्यतीत अडतं आणि कितीतरी जण त्याआधीच, एप्रिल-मेमध्ये, नडगी किंवा टाच धरून बसतात. का?

एका शरीरात चार घड्याळं

व्यायाम वाढवला की सगळं शरीर एकदम तयार होत नाही. प्रत्येक भागाची गती वेगळी असते. माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधली समजून घ्यायची गोष्ट ही एवढीच आहे.

सगळ्यात आधी बदलतं रक्त. नियमित धावायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि त्याच वेगाला नाडी कमी पडते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. धाप लागत नाही. वीस किलोमीटर धावून आल्यावर माणूस पोहे खाऊन ऑफिसला जातो. हा सुखाचा काळ.

तिसरं घड्याळ टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोराचं. टाचेमागचा अकिलीस टेंडन हाताला लागतोच. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्याची मजबुती महिन्यांच्या हिशोबात येते. आणि चौथं, सगळ्यात संथ घड्याळ हाडाचं. ताण पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. एक फेरी पूर्ण व्हायला तीन-चार महिने जातात. गंमत अशी, की खणून झालंय पण भरलेलं नाही अशा मधल्या काळात त्या जागी हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. रस्त्याचं काम चालू असताना रस्ता आधीपेक्षा वाईट असतो, तसंच. नेमका त्याच काळात तुमचा दम वाढलेला असतो, म्हणून तुम्ही अंतर वाढवता. स्ट्रेस फ्रॅक्चर होतो तो इथे.

रनर लोक म्हणतात, इंजिन तयार झालं पण चासी नाही. अगदी बरोबर आहे. फक्त अडचण अशी की मनाला ऐकू येतो तो इंजिनचाच आवाज. हाड शेवटपर्यंत गप्प बसतं.

मग दुखणं ओळखायचं कसं? दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात, दुखणं पसरलेलं आहे, चालल्यावर मोकळं होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं, तर ते कामाचं दुखणं. एकाच पायावर, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, धावताना वाढत जातंय, रात्री झोपल्यावरही जाणवतंय, तर धावणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. सुरुवातीला एक्स-रेमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आलाय, मग पळतो' असं करू नका. डॉक्टरांना गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यात काही जादू नाही, तो एक ठोकताळा आहे. मला त्यापेक्षा दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी करणं जास्त शहाणपणाचं वाटतं. पण तेच लोकांना जमत नाही. स्ट्रावावर सगळे आकडे वाढताना दिसत असतात, आणि आपला कमी होतोय हे बघवत नाही.

हळू धावणारा शेतकरी

इथे आर्थर न्यूटनची गोष्ट सांगायलाच हवी. हा नाताल प्रांतातला शेतकरी. जमिनीवरून सरकारशी त्याचा वाद चालला होता आणि कोणी ऐकत नव्हतं. त्याने ठरवलं, आधी नाव कमवायचं, मग लोक ऐकतील. १९२२ च्या सुरुवातीला, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याने धावायला सुरुवात केली. मेमध्ये कॉम्रेड्स जिंकली आणि एकूण पाच वेळा जिंकली. त्याची पद्धत त्या काळच्या समजुतीच्या उलट होती. भरपूर अंतर, पण आरामाच्या वेगाने. जोरात धावून स्वतःला तपासत बसायचं नाही. आज सगळे कोच जे 'ईझी रन ईझीच ठेवा' म्हणून ओरडतात, त्याचा एक मूळपुरुष हा. (काही महिन्यांत जिंकला म्हणून कोणी ते मनावर घेऊ नका, तो अपवाद होता.)

ईझी म्हणजे किती? सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही' एवढंच बोलता येत असेल तर वेग जास्त आहे. आणि चढावर चालायचं. कॉम्रेड्सच्या वाटेवर काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स असे पाच मोठे डोंगर आहेत, आणि तिथे अनुभवी लोकही ठरवून चालतात. आपल्याकडे घाटात चालायला लागलं की 'दमला' म्हणतात. ही लाज सरावातच सोडायची असते.

उताराचं वेगळं सांगतो. कॉम्रेड्सची दिशा साधारणपणे आलटून पालटून असते, आणि ज्या वर्षी पीटरमारित्झबर्गहून समुद्राकडे उतरायचं असतं ते वर्ष सोपं असेल असं नवख्यांना वाटतं. तुम्ही राजगड उतरून आला असाल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काय होतं ते माहीत असेल. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असताना वजन झेलतो, आणि त्यात त्याचे तंतू जास्त फाटतात. दिलासा असा, की उताराचा एक खुराक मिळाला की पुढचे काही आठवडे त्याच उताराने तेवढं दुखत नाही. म्हणून बोपदेव किंवा लोणावळ्याच्या बाजूला धावायला गेलात तर फक्त चढ मारून गाडीने खाली येऊ नका. उतारही पळा, मात्र शर्यतीच्या जवळच्या दोन-तीन आठवड्यांत नाही.

आपला उन्हाळा, त्यांचा हिवाळा

शर्यत बहुतेक जूनमध्ये असते. म्हणजे सगळ्यात मोठे रन येतात मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत. वर लग्नसराई. तिथे हिवाळा असतो, पहाटे सुरुवातीला बोचरी थंडी असते आणि आपण तयारी करतो घामाने भिजून.

उकाड्यात रक्ताला दोन कामं पडतात, स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि त्वचेकडे जाऊन उष्णता बाहेर टाकायची. त्यामुळे त्याच वेगाला नाडी चढते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणजे तो येऊनही गारवा मिळत नाही. शरीर १० ते १४ दिवसांत बरंच जुळवून घेतं, तरी जानेवारीचा वेग मेमध्ये मागायचा नाही. घड्याळाऐवजी श्वासाकडे बघा.

पाण्याबद्दल मात्र उलट सावधगिरी हवी. 'तहान लागायच्या आधी प्या, जितकं जमेल तितकं प्या' हा सल्ला अजून फिरतो, आणि लांब पल्ल्यात तो जिवावर बेतू शकतो. तासन् तास गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते. टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये हा प्रकार शास्त्रीय लेखात मांडला, आणि त्यातल्या काही घटना कॉम्रेड्सच्याच होत्या. ओळखीची खूण म्हणजे शर्यतीनंतर वजन वाढलेलं असणं, डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं. अशा माणसाला डीहायड्रेशन समजून आणखी पाणी पाजणं म्हणजे आगीत तेल. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. थोडं कमी झालं तर ठीक, वाढलं तर पिणं कमी करा. आणि रनच्या मध्ये पेनकिलर घेऊ नका. आयब्रुफेनसारख्या गोळ्या आणि कमी झालेलं पाणी, दोन्ही मिळून किडनीवर ताण येतो.

खाण्याचा हिशोब थोडक्यात. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जाते. ६५ किलोच्या माणसाला ८७ किलोमीटरला साडेपाच हजारांच्या वर लागतात. शरीरातला कर्बोदकांचा साठा साधारण दोन हजारांचा. चरबी पुष्कळ असते, पण ती हळू जळते. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आत जायला हवीत, आणि पोटाला त्याची सवय आधी लावावी लागते. केळं, खजूर, चिक्की, जेल, उकडलेला बटाटा, तुमच्या पोटाला जे चालेल ते. रोजचं जेवण कमी करून वजन उतरवायचा प्रयोग या चार महिन्यांत करू नका. बायकांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर 'ट्रेनिंगमुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि हाडं त्याची किंमत मोजतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या.

आणि डोकं

मन खंबीर पाहिजे, असं सगळे म्हणतात. खंबीर म्हणजे काय हे कोणी सांगत नाही. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांचा २००९ चा एक प्रयोग आहे. लोकांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल थकेपर्यंत चालवायला लावली. एरवीपेक्षा ते साधारण १५ टक्के लवकर थांबले. हृदय, स्नायू यांत तसा फरक नव्हता. काम जड वाटत होतं, एवढंच.

आता आपला दिवस बघा. पहाटे चारला उठायचं, धावायचं, लोकलमध्ये किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, दिवसभर मीटिंगा, घरी मुलांचा अभ्यास. त्यानंतर संध्याकाळचा रन जड जातो, आणि माणूस ठरवतो की आपल्यात जिद्द नाही. जिद्द आहे, डोकं दमलंय. अशा दिवशी रन छोटा करणं किंवा झोपणं हाही ट्रेनिंगचाच भाग आहे. झोप सहा तासांच्या खाली सलग आठवडाभर गेली, सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढलेली राहिली, घरच्यांवर उगाच चिडचिड व्हायला लागली, तर तक्ता बाजूला ठेवा. चिडचिड बहुतेक वेळा घरच्यांनाच आधी कळते. त्यांना विचारा.

लांब रनमध्ये डोकं दोन प्रकारे फसवतं. पहिल्या तासात सांगतं, आज मस्त वाटतंय, जोर लाव. पाचव्या तासात सांगतं, बस कर. दुसऱ्याशी झगडायची तयारी सगळे करतात, पहिल्याशी कोणीच नाही. खरं तर पाचव्या तासाचं भांडण बऱ्याचदा पहिल्या तासात हरलेलं असतं. म्हणून सरावात शेवटचे दहा किलोमीटर पहिल्या दहाच्याच वेगाने यायला हवेत. आलेच नाहीत, तर सुरुवात जोरात झाली. पुढच्या वेळी आणखी हळू निघा. स्वतःशी बोलायचं एखादं छोटं वाक्यही सरावातच ठरवा, मराठीतलं, तुमच्या तोंडातलं. ८७ किलोमीटरचा विचार न करता पुढच्या पाणपोईपर्यंतचा विचार करणं हेही असंच सवयीने येतं.

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे, म्हणजे अंतर कमी करत आणण्याचे. इथे भलेभले बिथरतात. पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात, 'एक शेवटचा मोठा रन मारू का' असं वाटतं. मारू नका. त्याचा फायदा शर्यतीपर्यंत मिळणार नाही, थकवा मात्र मिळेल. सुटलेल्या लग्नांना जाऊन या, जेवून या.

पुढच्या भागात ज्यांचा एक महिना दुखापतीत गेलाय त्यांनी परत सुरुवात कशी करायची, त्यावर बोलू. प्रश्न असतील तर पाठवा. दुखण्याबद्दल विचारत असाल तर नेमकं कुठे, कधीपासून आणि कोणत्या पायाला, तेवढं नक्की लिहा.