पाच जणांचं कोर्ट

टेक्सासमधल्या कुठल्याही काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये ठरल्या दिवशी सकाळी एक सभा भरते. प्रार्थना होते, आधी अमेरिकेच्या आणि मग टेक्सासच्या झेंड्याला वंदन होतं, आणि पाच माणसं विषयपत्रिका पुढे ओढतात. तुरुंगातल्या जेवणाचं कंत्राट. पावसात वाहून गेलेली मोरी. नव्या प्लॉटिंगचा नकाशा. गवत वाळलंय, तेव्हा उघड्यावर कचरा जाळायला बंदी घालायची का. कुणीच नसलेल्या माणसाच्या दफनाचा खर्च. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर, पुढचा विषय. या सभेचं नाव कमिशनर्स कोर्ट. खटल्याशी तिचा संबंध नाही. अध्यक्षाला ‘काउंटी जज’ म्हणतात, पण त्याने वकिलीची परीक्षा दिलेली असायला हवी अशी अट नाही. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, कुणीही निवडून येऊन या खुर्चीत बसू शकतो.

अमेरिकेबद्दल मराठीत भरपूर लिहिलं जातं, पण ते वॉशिंग्टनबद्दल असतं. ह्यूस्टनभोवती शुगरलँड, केटी या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरासमोरचा रस्ता, त्यांची मतदानकेंद्रं, तिथला शेरीफ, तिथला तुरुंग यांचा पैसा ज्या टेबलावर वाटला जातो ते टेबल मात्र आपल्या लिखाणात फारसं येत नाही. मला हे टेबल महत्त्वाचं वाटतं. सरकार म्हणून माणसाला जे काही हाताला लागतं, त्यातलं बरंचसं तिथून निघतं.

टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत. ह्यूस्टन जिच्यात येतं त्या हॅरिस काउंटीची लोकसंख्या 2020च्या जनगणनेत 47 लाखांवर होती; न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या लव्हिंग काउंटीची 64. दोन्हींचा कारभार पाच जणच पाहतात: एक काउंटी जज आणि चार कमिशनर. काउंटीचे चार भाग पाडलेले असतात, त्यांना प्रिसिंक्ट म्हणतात. प्रत्येकातून एक कमिशनर चार वर्षांसाठी निवडून येतो आणि जजला सगळी काउंटी मिळून निवडते. ही रचना 1876च्या राज्यघटनेची आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात गव्हर्नरच्या हाती एकवटलेल्या सत्तेचा अनुभव ताजा होता, आणि घटना लिहिणाऱ्यांनी सत्ता जितकी फोडता येईल तितकी फोडली.

त्यामुळे काउंटीत आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा राज्याने पाठवलेला, सगळ्यांवर हुकूम चालवणारा अधिकारी नाही. शेरीफ निवडून येतो. काउंटी क्लार्क निवडून येतो. कर वसूल करणारा, खजिनदार, सरकारी वकील, कॉन्स्टेबल, सगळे आपापली मतं घेऊन आलेले. कमिशनर्स कोर्ट त्यांच्या खात्यांना पैसा देतं. गस्त कुठे घालायची हे शेरीफला सांगू शकत नाही. हिशेब तपासणारा ऑडिटर तर कोर्टाच्या नेमणुकीतलाही नाही. त्याला जिल्हा न्यायालयांचे न्यायाधीश नेमतात, म्हणजे पैसा खर्च करणाऱ्यांच्या उपकाराखाली तो राहत नाही. एवढी साधी तजवीज दीडशे वर्षांच्या या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, असं माझं मत आहे.

शिवाय काउंटी ही राज्याची पोटशाखा. राज्याच्या घटनेने किंवा कायद्याने जे स्पष्ट दिलं तेवढंच ती करू शकते. शहराच्या हद्दीबाहेर कुणी कुठे कारखाना काढावा, कुठे घरं बांधावीत, यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार टेक्सासच्या बहुतेक काउंट्यांना नाही. नाराज गावकरी सभेत येऊन शेजारच्या खडीकेंद्राबद्दल पोटतिडकीने बोलतात, आणि कमिशनर त्यांना सांगतात की हे आमच्या हातात नाही. ते खरंच नसतं.

हातात असतो तो मालमत्ता कर. टेक्सासमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर नाही, म्हणून घर आणि जमीन यांवरच्या कराला फार वजन आहे. दर ठरतो शंभर डॉलर मूल्यामागे इतके सेंट असा. कराच्या बिलावर काउंटीचा आकडा एका ओळीत असतो, शाळांचा बहुधा त्याहून मोठा, पण लोकांचा राग कोर्टाच्या सभेत निघतो, कारण तिथे समोर बसलेला माणूस ओळखीचा असतो. लहान काउंट्यांत अंदाजपत्रक स्वतः जज मांडतो. उन्हाळाभर एकेक खातेप्रमुख येऊन सांगतो की दोन डेप्युटी हवेत, एक गाडी हवी, पगार वाढवला नाही तर माणसं शेजारच्या काउंटीत जातील. मग जाहीर सुनावणी, मग मतदान. करवाढीचा ठराव कुठल्या शब्दांत मांडायचा हेही कायद्यात लिहून ठेवलंय. ‘दर वाढवावा’ हे शब्द सदस्याला तोंडाने उच्चारावे लागतात. गोल बोलून वाढ सरकवता येत नाही. सभेची सूचना कामकाजाचे तीन दिवस आधी लावावी लागते आणि त्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. आपल्याकडच्या सभांतला ‘आयत्या वेळचे विषय’ हा प्रकार तिथे चालत नाही. 2019पासून विषयपत्रिकेतल्या कुठल्याही विषयावर, निर्णय होण्याआधी, नागरिकाला बोलू देणं कायद्याने बंधनकारक आहे.

खर्चाचा बराचसा भाग आधीच ठरलेला असतो. तुरुंग चालवावाच लागतो आणि तो राज्याच्या निकषांत बसवावा लागतो; जागा किंवा पहारेकरी कमी पडले तर कैदी दुसरीकडे ठेवून त्याचे पैसे मोजावे लागतात. हॅरिस काउंटीने आपले कैदी लुइझियाना आणि मिसिसिपीपर्यंत पाठवले आहेत. गरीब आरोपीच्या वकिलाचा खर्च मुख्यतः काउंटीचा. जॅस्पर काउंटीत 1998मध्ये जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला ट्रकला बांधून फरफटत नेऊन मारलं गेलं. त्या खटल्यांचा खर्च दहा लाख डॉलरच्या पलीकडे गेला, आणि जंगलपट्ट्यातल्या त्या गरीब काउंटीला मालमत्ता कर वाढवावा लागला. न्याय मिळायलाच हवा होता. त्याचं बिल जॅस्परच्या घरमालकांनी भरलं.

कर बसवण्याच्या बाबतीत घटनाकारांच्या वारसदारांनी आणखी एक खुंटी मारून ठेवली आहे. एरवी पाचांपैकी तीन जण हजर असले की कोरम होतो. कर ठरवायचा तर चार हवेत. हॅरिस काउंटीत 2022च्या शरद ऋतूत तीन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन अशी विभागणी होती. जॅक केगल आणि टॉम रॅम्झी हे दोन रिपब्लिकन कमिशनर सभेला येईनात. तीन जण बसून राहिले, पण दर ठरवता येईना. मुदत संपली आणि कायद्याप्रमाणे जुन्या मालमत्तांवर आदल्या वर्षाइतकंच उत्पन्न देणारा खालचा दर आपोआप लागू झाला. प्रस्तावित अंदाजपत्रकाला कात्री लागली. 2019मध्येही असंच झालं होतं. दोघांचं म्हणणं होतं की अल्पमताला कायद्याने दिलेलं हे एकमेव हत्यार आहे आणि करदात्यांसाठी ते वापरणं आमचं काम आहे. त्या युक्तिवादात तथ्य आहे हे मान्य करूनही मला ते पटत नाही. निवडून आलेल्या माणसाने हरायचं असेल तर टेबलावर बसून हरावं. नोव्हेंबर 2022मध्ये केगल निवडणूक हरले, बलाबल चारास एक झालं, आणि गैरहजेरीचं हत्यार निकामी झालं.

केगल हरले त्याचं एक कारण असं की आदल्याच वर्षी त्यांच्या प्रिसिंक्टची हद्द बदलली होती, आणि ती बदलणारं कोर्टाचंच बहुमत होतं. प्रिसिंक्टच्या सीमा कमिशनर स्वतः आखतात. शेजारच्या गॅल्व्हेस्टन काउंटीत त्याच वर्षी रिपब्लिकन बहुमताने उलटं केलं: कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांचं बहुमत असलेला एकमेव प्रिसिंक्ट मोडला. संघीय न्यायाधीशाने 2023मध्ये तो नकाशा बेकायदा ठरवला. 2024मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल ज्या तत्त्वावर उभा होता तेच काढून घेतलं.

या नकाशांच्या गोष्टीचं मूळ मिडलंडमध्ये आहे. पश्चिम टेक्सासमधलं हे तेलाचं शहर. 1960च्या दशकात मिडलंड काउंटीची लोकसंख्या धरली जात होती सुमारे सत्तर हजार. जवळजवळ सगळं शहर एका प्रिसिंक्टमध्ये घातलं होतं: 67,906 माणसं. उरलेल्या तीन प्रिसिंक्टमध्ये 852, 414 आणि 828. म्हणजे दोन हजारांच्या आसपास माणसांकडे तीन मतं आणि अडुसष्ट हजारांकडे एक. शहराचे महापौर हँक एव्हरी न्यायालयात गेले. काउंटीचं म्हणणं होतं की कमिशनर्स कोर्टाचं मुख्य काम ग्रामीण रस्ते, तेव्हा ग्रामीण भागाचा वरचष्मा स्वाभाविक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1968मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी ते फेटाळलं. हीच मंडळी शहरवासीयांवर कर बसवतात, निवडणुका घेतात, तुरुंग आणि रुग्णालयं बांधतात. मग मताची किंमत समानच हवी. ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व त्या दिवशी अमेरिकेतल्या स्थानिक कारभारापर्यंत खाली उतरलं.

रस्त्यांचा तो दावा हवेतला मात्र नव्हता. ग्रामीण टेक्सासमध्ये आजही पुष्कळ कमिशनरांकडे स्वतःच्या प्रिसिंक्टची रस्ते-टोळी असते: ग्रेडर, डंपर, खडीचे ढीग, पाच-सात कामगार. मतदार त्याला घरच्या फोनवर उठवतो. पाऊस पडून ओढ्यावरचा फरशीपूल पाण्याखाली गेला की अडथळे लावायला अनेकदा कमिशनर स्वतः जातो. चार प्रिसिंक्ट, चार यंत्रसामग्री, चार गोदामं हे उधळपट्टीचं आहे असं म्हणणारे बरेच आहेत, आणि काही काउंट्यांनी एकच रस्तेखातं केलंही. पण आपल्या रस्त्याला जबाबदार माणसाचं नाव माहीत असणं ही सोय लोक सहज सोडत नाहीत.

नेमणुकांचं काम शांतपणे चालतं, पण दूरवर पोचतं. शेरीफने मध्येच पद सोडलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत कोर्ट माणूस नेमतं. हॅरिसचे शेरीफ एड्रियन गार्सिया 2015मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीसाठी पायउतार झाले, तेव्हा कोर्टाने रॉन हिकमन यांना नेमलं. दीड वर्षाने मतदारांनी त्यांना हरवलं. (गार्सिया पुढे त्याच कोर्टात कमिशनर म्हणून आले.) कमिशनरचं पद रिकामं झालं तर मात्र जज एकटाच नवा सदस्य नेमतो, पाचांपैकी एक मत एका सहीने ठरतं. सरकारी रुग्णालयांची मंडळं, ग्रामीण अग्निशमन जिल्ह्यांची मंडळं, ह्यूस्टन बंदराच्या आयोगातल्या काही जागा, यांवरची नावंही या टेबलावरून जातात. वर्तमानपत्रं त्यांची क्वचितच दखल घेतात.

आणि मग कर (Kerr) काउंटी. ग्वादालूप नदीच्या वरच्या खोऱ्यातली, बावन्न हजार वस्तीची, नदीकाठच्या उन्हाळी शिबिरांसाठी प्रसिद्ध. ही नदी किती वेगाने चढते हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. 1987च्या पुरात खालच्या अंगाला शिबिराहून परतणारी दहा मुलं वाहून गेली होती. विम्बर्ली गावातल्या 2015च्या पुरानंतर टॉम मोझर नावाच्या कमिशनरने विषय लावून धरला: नदीकाठी भोंगे आणि पाणी मोजणारी उपकरणं बसवू. अंदाजे खर्च दहा लाख डॉलर. 2016मध्ये कोर्टात चर्चा झाली. एका सदस्याला खर्च जास्त वाटला, कुणाला रात्री-अपरात्री वाजणारे भोंगे नकोत. 2017मध्ये केंद्राच्या अनुदानासाठी अर्ज गेला, तो मंजूर झाला नाही. 2021मध्ये कोविड-मदतीचे एक कोटीहून अधिक डॉलर आले. त्यातला मोठा वाटा शेरीफच्या रेडिओ यंत्रणेला आणि सार्वजनिक सुरक्षेला गेला, काही कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याला. हा पैसा मुळात वॉशिंग्टनला परत पाठवा, असंही काही नागरिक सभेत सांगत होते. पूर-इशाऱ्याच्या वाट्याला काही आलं नाही. पुढे नदी प्राधिकरणाने राज्याच्या निधीकडे मागितलं, तर तिथून देऊ केलेलं अनुदान खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपास होतं, बाकीचं कर्ज. ते घेतलं गेलं नाही.

4 जुलै 2025च्या पहाटे ग्वादालूप चढली. कर काउंटीत शंभरहून अधिक माणसं गेली. त्यांत कॅम्प मिस्टिक या शिबिरातल्या मुली आणि त्यांच्या तरुण पर्यवेक्षक मिळून सत्तावीस. कायद्याने काउंटी जज हाच काउंटीचा आपत्ती व्यवस्थापन प्रमुख असतो. आपण त्या रात्री काउंटीबाहेर होतो, असं कर काउंटीच्या जजनी नंतर विधिमंडळाच्या समितीपुढे सांगितलं.

त्या सभांमध्ये कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक वेळी समोर तातडीची दुसरी मागणी होती आणि तीही खरी होती. शेरीफचा रेडिओ डोंगरात पोचत नसेल तर माणसं त्यानेही मरतात. पण दहा लाख डॉलर ही रक्कम बावन्न हजार लोकांच्या काउंटीला एखाद-दोन वर्षांत पेलण्यापलीकडची नव्हती. माहिती होती, अभ्यास झाला होता, आकडा ठाऊक होता. हवं होतं ते करवाढीचे शब्द तोंडाने उच्चारून तीन हात वर होणं. मी हे दूर बसून, निकाल माहीत झाल्यावर लिहितो आहे, तरीही मला हे म्हणायलाच हवं वाटतं.

त्या वर्षीच्या खास अधिवेशनात टेक्सासच्या विधिमंडळाने पूरप्रवण भागांत भोंगे बसवणं बंधनकारक करणारा कायदा केला आणि त्यासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसाही दिला. भोंगे एकदा उभे राहिले की त्यांच्या बॅटऱ्या बदलणं, दर महिन्याला ते वाजवून पाहणं, रात्री दोनला ते चालू करायला जागा माणूस ठेवणं आणि त्याचा पगार, हा खर्च दरवर्षी येत राहील. तो मालमत्ता कराच्या दरातून काढायचा की दुसऱ्या कुठल्या खात्यातून, हे उन्हाळ्यातल्या सुनावण्यांमध्ये त्याच पाच जणांना ठरवावं लागणार आहे.